नारिंगी अकीक घेताना तोंडाआधी पाठ बघा

ताई, तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. मांडवीतल्या एका दुकानात तुम्हाला दोन नारिंगी अकीक (इंग्रजीत अगेट) दाखवले. दोन्ही लंबगोल, घुमटदार, २५ बाय १८ मिलिमीटरचे. एक सगळीकडून सारखा भडक नारिंगी. दुसरा फिकट, आत पट्टे असलेला आणि एका टोकाला जवळजवळ पांढरा. दुकानदार दोघांनाही ‘नॅचरल’ म्हणतो. एक तुम्हाला चांदीच्या पेंडंटमध्ये बसवायचाय, आणि मुलाला खडे जमवायचा नाद लागलाय म्हणून एक त्याच्यासाठी हवाय. कुठला कशाला घ्यावा, आणि त्या ‘नॅचरल’ला कितपत अर्थ आहे?

मी इथे बडोद्यातच खडे घासून पॉलिश करतो आणि चांदीत जडवतो, त्यामुळे अकीक रोज हातात असतो. माझा कल आधीच सांगतो. फिकट, पट्ट्यांचा खडा मुलासाठी घ्या. पेंडंटसाठी भडक खडा चालेल, पण तो पालथा करून मागून उजेड टाकून बघितल्यावरच. कॅबोशॉनचं, म्हणजे अशा घुमटदार घडवलेल्या खड्याचं, तोंड विकण्यासाठी चमकवलेलं असतं. दगडाची खरी हकिगत पाठीवर आणि कडेला सापडते, आणि बहुतेक गिऱ्हाइकं नेमकी तीच बाजू बघत नाहीत.

‘नॅचरल’ या एका उत्तरात दुकानदार दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं गुंडाळतो. दगड निसर्गातला आहे का, हा पहिला. त्याचा रंग निसर्गातला आहे का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर बहुतेक वेळा ‘हो’च असतं, कारण अकीक इतका मुबलक आहे की खोटा बनवण्यात फारसा फायदा नाही. घोळ असतो तो रंगाचा. नारिंगी रंग अकीकात तीन वाटांनी येतो: जमिनीतच आलेला, भट्टीत तापवून उठवलेला, आणि बाहेरून रसायन मुरवून चढवलेला.

तापवलेल्या रंगाबद्दल आपल्या भागातल्या माणसाने तरी नाक मुरडू नये. आपल्यापासून फार लांब नसलेल्या झगडिया तालुक्यात, राजपीपळ्याच्या डोंगरांच्या बाजूला, रतनपूरच्या खाणी आहेत. वर टेकडीवर सिद्दी समाजाचं श्रद्धास्थान असलेला बाबा घोरचा दर्गा आहे, आणि अकीकच्या धंद्यातली माणसं त्यांचं नाव आदराने घेतात. दख्खनचा काळा पाषाण सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंड होऊन तयार झाला. त्यात वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या आणि त्यांत सिलिका थरावर थर बसत गेली. तोच अकीक. पुढे तो पाषाण झिजला, आतले गोटे सुटून वाहत गेले आणि गोट्यांच्या थरात पुन्हा गाडले गेले. रतनपूरला खणतात ते हे गोटे. खाणीतून निघतात तेव्हा ते बरेचदा मळकट पिवळे, मधाळ किंवा हिरवट राखाडी असतात. नारिंगीचा मागमूसही नसतो.

तिथून ते खंभातला, अकीक घडवणाऱ्या गावाला, जातात. पारंपरिक पद्धतीत कच्चे गोटे आधी उन्हात महिनोन्महिने वाळवतात. मग मातीच्या मडक्यांत भरून, शेणाच्या किंवा भुशाच्या मंद आचेत रात्रभर ठेवतात आणि सावकाश थंड होऊ देतात. घाई केली तर आतलं पाणी वाफ होऊन दगड तडकतो. दगडातलं लोह मुळात गोएथाइटच्या रूपात असतं, म्हणजे पाणी धरून ठेवलेल्या पिवळ्या-तपकिरी ऑक्साइडच्या. ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास ते पाणी सुटतं आणि हेमॅटाइट तयार होतं, जे लाल असतं. दगडात लोह किती आणि कुठे पसरलंय, त्यावर नारिंगी, शेंदरी की गडद तांबडा हे ठरतं. गरज वाटली तर पुन्हा एकदा भाजतात.

म्हणजे इथे रंग बाहेरून आलेला नाही. लोह दगडाचंच आहे, आचेने त्याचं रूप बदललंय. ही कला हडप्पाकाळापासून या प्रदेशात चालत आली आहे. लोथलच्या उत्खननात मणी बनवण्याचा कारखाना सापडला, आणि सिंधू संस्कृतीतले तांबडे लांबट मणी मेसोपोटेमियातल्या उर शहराच्या राजघराण्यातल्या थडग्यांपर्यंत पोचले होते. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक सागरी व्यापाराच्या मार्गदर्शिकेत पैठणहून गाड्यांनी भडोचच्या बंदरात येणाऱ्या मालात याच जातीच्या दगडांचा उल्लेख आहे. रत्नांच्या व्यापारात तापवलेला कार्नेलियन, म्हणजे हाच नारिंगी-तांबडा अकीक, सहसा नैसर्गिकच धरतात. तुमच्या त्या भडक खड्याचा रंग भट्टीचा असेल तर बिनधास्त घ्या. तो उन्हाने उडत नाही, घामाने जात नाही.

तिसरी वाट मात्र वेगळी. जर्मनीतल्या इडार-ओबरश्टाइन गावात एकोणिसाव्या शतकात अकीक रंगवण्याचं तंत्र विकसित झालं. अकीक वरून कितीही घट्ट दिसला तरी सूक्ष्म छिद्रांचा असतो. राखाडी, लोह नसलेला दगड लोहाच्या क्षारांच्या द्रावणात दिवसेंदिवस बुडवून ठेवायचा, क्षार आत मुरले की तापवायचा, की तांबडा-नारिंगी रंग येतो. हाही रंग पक्का असतो. दुसरा प्रकार सेंद्रिय रंगांचा. भडक गुलाबी, जांभळे, पोपटी अकीक तुम्ही जत्रेत आणि हस्तकलेच्या स्टॉलवर पाहिले असतील, ते या प्रकारातले. काही अतिभडक नारिंगीही त्यातच येतात. हे मात्र उन्हाने फिके पडतात. खिडकीत ठेवलेले असे खडे वर्षा-दोन वर्षांत विटलेले मी पाहिलेत.

आता ओळखायचं कसं. खोलीतला उजेड कमी करा. खडा बोटांत धरून पाठीला मोबाइलचा टॉर्च जवळजवळ टेकवा आणि तोंडाकडून बघा. रत्नपारख्यांचं १० पट मोठं दाखवणारं भिंग असेल तर उत्तम. ते फार महाग नसतं आणि मुलाला वाढदिवसाला देण्याजोगी वस्तू आहे.

जमिनीतल्या किंवा भट्टीतल्या रंगात तुम्हाला ढग दिसतील. रंग एका बाजूला दाट होत जातो, मग विरळ होतो, पट्ट्यांची सीमा ओलांडून पलीकडेही थोडा पसरतो. भिंगाखाली बरेचदा बारीक लाल ठिपके दिसतात, लोहाचे कण जिथे गोळा झालेत तिथे. रंगवलेल्या दगडात रंग पट्ट्यांची शिस्त पाळतो. ज्या पट्टीत छिद्रं जास्त ती पूर्ण रंगलेली, शेजारची घट्ट पट्टी कोरी पांढरी, आणि दोघींमध्ये चाकूने कापल्यासारखी रेघ. यात एक फसगत आहे. नैसर्गिक अकीकातही पट्टे असतातच, त्यामुळे नुसते पट्टे दिसले म्हणून खडा रंगवलेला ठरत नाही. बघायचं ते हे, की पट्ट्यांच्या छटा निरनिराळ्या आहेत का. नैसर्गिक दगडात एक पट्टी मधाळ, दुसरी विटकरी, तिसरी राखाडी अशी येते. रंगवलेल्यात सगळ्या रंगीत पट्ट्या एकाच छटेच्या असतात आणि तीच छटा भेगांमध्येही शिरलेली असते.

भेगा हा दुसरा पुरावा. पाठीवर बारीक तडा, खड्डा, कपचा उडालेली कड शोधा. पाठ सहसा आरशासारखी पॉलिश केलेली नसते, म्हणून तिथे ते सहज सापडतं. तड्याच्या दोन्ही बाजूंना रंग दाटून गडद रेषा झाली असेल तर रंग बाहेरून आत गेलाय. सगळ्या अंगावर जाळीदार भेगा आणि प्रत्येकीत नारिंगी किंवा काळा रंग, असाही माल बाजारात पुष्कळ येतो. ‘फायर क्रॅकल’ किंवा ‘ड्रॅगन व्हेन’ म्हणून विकतात. दगड तापवून एकदम थंड करून मुद्दाम तडकवलेला असतो आणि मग रंगवलेला. दिसतो सुंदर, पण संग्रहात नैसर्गिक म्हणून ठेवू नका आणि अंगठीत तर बसवूच नका.

कापसावर ॲसिटोन (ॲसिटोन असलेलं नेलपॉलिश रिमूव्हर चालतं) घेऊन पाठ पुसायची युक्ती सगळीकडे सांगतात. कापूस रंगला तर सेंद्रिय रंग आहे हे पक्कं. पण रंगला नाही तर काहीच सिद्ध होत नाही, कारण लोहाच्या क्षारांचा रंग ॲसिटोनने हलतच नाही. लोहक्षार मुरवलेला एकरंगी खडा आणि मुळातला तापवलेला खडा यांत प्रयोगशाळाही दरवेळी ठाम निवाडा देऊ शकत नाही. म्हणूनच मी पट्टे, ढग, ठिपके दिसणारा दगड सुचवतो. त्याच्याकडे बघून काहीतरी ठरवता तरी येतं. पूर्ण एकरंगी, निष्कलंक नारिंगी खड्यासाठी जास्त पैसे मोजू नका.

काच, कॅल्साइट आणि पोवळं यांच्याशी गल्लत होते, त्याचं पटकन सांगतो. काचेत भिंगाखाली गोल बुडबुडे आणि वळसे दिसतात, आणि कपचा उडालेली जागा काचेसारखी चकचकीत असते. अकीकची तीच जागा मेणासारखी मंद दिसते. नारिंगी कॅल्साइट खूप मऊ, मोह्सच्या एक ते दहाच्या मापावर काठिण्य ३. त्याच्या कडा लवकर बोथट होतात. अकीकचं काठिण्य साडेसहा ते सात. पोवळ्याच्या ऐवजी नारिंगी अकीक देणारे असतात. पोवळ्यातून टॉर्चचा उजेड असा आरपार येत नाही, आणि ते साडेतीनच्या आसपास काठिण्याचं. पत्रिकेसाठी कोणी पोवळंच सांगितलं असेल तर पोवळंच घ्या, अकीकला अकीक म्हणून घ्या.

घरी बारीक वजनकाटा असेल, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा, तर मुलाबरोबर घनता काढून बघा. त्याला आवडेल. आधी खडा कोरडा तोला. मग काट्यावर पाण्याचा छोटा पेला ठेवून काटा शून्यावर आणा, खडा दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला टेकणार नाही असा धरा, आणि आकडा वाचा. समजा कोरडं वजन ३.६२ ग्रॅम आलं आणि पाण्यातला आकडा १.३९. पहिल्याला दुसऱ्याने भागायचं: २.६०. अकीक २.६०च्या जवळपास येतो, प्लॅस्टिक दीडच्या आत राहतं, कॅल्साइट २.७१. साधी काच अडीचच्या आसपास असते, म्हणून काच आणि अकीक वेगळे करायला हात स्थिर हवा आणि दोऱ्याला बुडबुडा चिकटलेला नको. दोन-तीनदा करून सरासरी घ्या.

तुमच्या २५ बाय १८ मापाचा, बेताच्या जाडीचा खडा साधारण साडेतीन ग्रॅम, म्हणजे सतरा-अठरा कॅरट भरतो. दुकानदार कॅरटवर भाव सांगत असेल तर बाजूने जाडी बघा. वजन वाढावं म्हणून घुमटाच्या खाली दगडाचा जाड ठोकळा तसाच ठेवलेला असतो. पेंडंटमध्ये तो नुसता लोंबतो, आणि पेंडंट उलटं फिरतं. अकीक नगावर घ्यावा, या मताचा मी आहे.

आता घडण. चांदीत बसवायचा खडा असेल तर रंगाइतकीच घडण बघितली पाहिजे, आणि याबाबतीत मी जरा जास्त बोलेन, कारण माझ्या टेबलावर दुरुस्तीला येणाऱ्या दागिन्यांमध्ये बरेचदा दोष घडणीचाच असतो.

खडा काचेच्या तावदानावर पालथा न करता सरळ ठेवा आणि कडेला बोटाने दाबा. डुगडुगला तर पाठ सपाट नाही. तो चांदीच्या पेटीत नीट बसणार नाही, आणि सोनाराने खड्याला धरणारी चांदीची पट्टी जोर करून वळवली तर कड उडेल. मग कड बघा. घुमट थेट धारेपर्यंत उतरत आला असेल तर पट्टीला धरायला काही उरत नाही. कडेला दीड-दोन मिलिमीटर उभी भिंत हवी, ती वर किंचित आत झुकलेली. पाठीच्या खालच्या कोपऱ्यावर बारीक उतार मारलेला असावा. चांदीच्या पेटीत पट्टी आणि तळ जिथे जुळतात तिथे डाकाची, म्हणजे सांधायला वितळवलेल्या धातूची, थोडी गोलाई राहते. खड्याचा कोपरा धारदार असेल तर तो तिच्यावर चढून बसतो आणि दाबताना तिथेच तडकतो. हा उतार मारायला कारागिराला मिनिटही लागत नाही, आणि तो आहे की नाही यावरून हात कोणाचा आहे ते कळतं.

घुमट तपासायला ट्यूबलाइटखाली उभ्या राहा. नळीचं प्रतिबिंब खड्यावर पडू द्या आणि खडा सावकाश फिरवा. उजेडाची रेघ घुमटावरून सलग वाकत जायला हवी. ती मध्येच मोडली, थबकली किंवा जाड झाली तर तिथे सपाट डाग राहिलाय. पट्ट्यांच्या जागी रेघ थरथरत असेल तर मऊ पट्टी जास्त घासली गेली आहे. पॉलिशमध्ये ही उणीव पट्टेदार अकीकात सर्रास येते. संग्रहाच्या खड्यात मी ती थोडी चालवून घेतो, दागिन्यात नाही. पोकळीत चमकणारे बारीक स्फटिक दिसले तर तो दोष नाही, पण पोकळी मेणाने किंवा रेझिनने भरली आहे का ते भिंगाने बघा. भरलेली जागा आजूबाजूपेक्षा मंद चमकते.

पेंडंटमध्ये पाठ उघडी ठेवायला सांगा. नारिंगी अकीकचं सौंदर्य आरपार येणाऱ्या उजेडात आहे, बंद पेटीत तो दोन छटा काळवंडतो. खडा फार फिकट असेल तर उलट करा: बंद पेटी आणि मागे चकचकीत चांदीचा पत्रा, आपले कोंदणकाम करणारे डांक लावतात त्या तत्त्वावर. रोजच्या अंगठीसाठी मात्र उंच घुमट टाळा, बसका घ्या. हवेतल्या धुळीत गारगोटीचे कण असतात आणि त्यांचं काठिण्य ७, म्हणून वर्षानुवर्षांच्या वापरात अंगठीचं पॉलिश थोडं मंदावतंच. पेंडंटला ही काळजी नाही. सोनाराला एवढंच बजावा, की सगळं डाककाम आधी उरकायचं आणि खडा शेवटी बसवायचा. बसवलेल्या खड्यावर ज्योत गेली की तडा ठरलेला. नंतर स्वच्छतेला कोमट पाणी, साबण आणि मऊ ब्रश पुरे.

मुलाच्या खड्याबद्दल. दागिन्यात एकसंध रंग खपतो, संग्रहात नक्षी. पट्टे कोपरे घेत एकात एक बसलेले, तटबंदीसारखे, ते पहिल्या पसंतीचे. पूर्ण गोल डोळा मिळाला तर सोडू नका, पण तो खड्याच्या कडेला कापला गेलेला नसावा. तुम्ही सांगितलेला फिकट खडा एका टोकाला पांढरा आहे, म्हणजे लोह कुठपर्यंत पोचलं आणि कुठे थांबलं ते त्यात दिसतं. एवढी माहिती त्या भडक खड्यात नाही.

संग्रहात खड्याइतकीच त्याची चिठ्ठी मोलाची. दुकानदाराला विचारा, दगड कुठला आणि घडला कुठे. ही दोन उत्तरं वेगळी असू शकतात. खंभातमध्ये परदेशातून आलेला कच्चा अकीकही घडतो, म्हणून ‘खंभातचा’ म्हणजे रतनपूरचाच असं धरू नका. खात्रीलायक सांगता आलं नाही तर चिठ्ठीवर ‘खंभातला घडलेला, खाण अज्ञात’ असं लिहा. अंदाजाने रतनपूर लिहिलेली चिठ्ठी कोऱ्या चिठ्ठीपेक्षा वाईट. शक्य झालं तर एकाच खाणीच्या कच्च्या मालाचे दोन तुकडे मिळवा, एक न भाजलेला मळकट पिवळा आणि एक भाजलेला, आणि मध्ये हा कॅबोशॉन ठेवा. सुट्टीत लोथलचं संग्रहालय दाखवा. तिथले मणी पाहिल्यावर त्याला स्वतःच्या डबीतल्या खड्याचं नातं कळेल.

एक गोष्ट मात्र आई म्हणून तुम्ही आग्रहाने पाळा. नाद वाढला की मुलं घरीच दगड घासायला बघतात, हॅंड ग्राइंडर घेऊन, कोरडंच. अकीकची धूळ म्हणजे शुद्ध सिलिका. ती फुप्फुसात बसली की सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. खंभातमध्ये घासकाम करणारे आणि शेजारी राहणारेही या रोगाने गेलेत, तरुण वयात गेलेत. मी पाण्याच्या धारेखालीच घासतो, मास्क लावतो आणि कारखाना ओल्या फडक्याने पुसतो, झाडत नाही. मुलाला शिकायचंच असेल तर अशा ओल्या यंत्रावर, मोठ्या माणसासमोर. आणि खडे घेताना दुकानदाराला विचारा, माल कोणाकडून घडवता, तिथे पाण्यावर घासतात का, धूळ ओढायचा पंखा आहे का. गिऱ्हाईक विचारायला लागलं तर तो प्रश्न कधी ना कधी कारखान्यापर्यंत पोचेल.

बिलावर ‘नॅचरल अकीक’ एवढंच लिहून घेऊ नका. ‘रंगवलेला नाही, तापवलेला असू शकतो’ असं लिहायला सांगा. जो दुकानदार हे लिहायला तयार होईल त्याच्याकडून दोन्ही घ्या. नाही म्हणाला तर पट्ट्यांचा एकटा घ्या, आणि पेंडंटसाठी सवडीने खंभातला जाऊन या. तिथे पन्नास खडे पालथे घालून बघता येतात.